देव त्यांचा, वकीलपत्र माझं

अ‍ॅड. वत्सलाताई भुरे यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा मी दारातूनच परत फिरले होते. हुडकेश्वरच्या त्यांच्या ऑफिसात शिरताच समोर भलामोठा देव्हारा, घंटा, उदबत्ती. मी उलट्या पावली निघाले. आतून आवाज आला, "काहून चालली वं?" मी म्हटलं, तुमचा देव पाहून. ताई हसल्या. "तो माझा आहे. त्याले वकिली येत नाही. बस."

माझी नोकरी गेली होती आणि घरात कमावणारी मी एकटी. आमच्या कारखान्यात दसऱ्याला प्रत्येकाने आपापल्या यंत्रापुढे नारळ फोडायचा, अशी रीत. मी यंत्र लख्ख पुसलं, तेलपाणी केलं. नारळ मात्र फोडला नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सोडलेले देव मी यंत्रापुढे कसे आणून बसवू? पुढच्याच आठवड्यात यंत्राचा पट्टा तुटला. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाले, पूजा नाही केली की असंच होतं. कागदावर अर्थातच 'निष्काळजीपणा' लिहिलं.

ताई कुहीकडच्या शेतकरी घरातल्या, एकही चतुर्थी न चुकवणाऱ्या. ठसठशीत कुंकू लावून त्या माझ्यासाठी कामगार न्यायालयात उभ्या राहिल्या. उलटतपासणीत त्यांनी सुपरवायझरांना शांतपणे विचारलं, "शेजारच्या यंत्रापुढे नारळ फुटला होता. तेही बंद पडलं. तेव्हा कोणाला काढलंत?" निकालाला फार वेळ लागला, पण मी मानाने कामावर परतले. तारखेच्या दिवशी ताईंना उपास असला, तरी माझ्यासाठी भाजी-पोळीचा डबा त्या आठवणीने आणत.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर नवे साहेब आले, आमच्याच समाजातले. त्यांनी पूजाच बंद केली. मी आता युनियनची सेक्रेटरी. खुशीत पेढे घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी पेढ्याला हातही लावला नाही. "तुले नको होती, तर तू लढली. ज्याले पाहिजे, त्याच्यासाठी कोण लढल?"

असा राग आला मला! जरीपटका वस्तीतल्या माझ्या घरापर्यंत धुसफुसतच आले. दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांशी जाऊन भांडले: ज्याला करायची त्याने करावी, नको त्याच्यावर सक्ती नको. साहेब कुरकुरले, पण तसंच ठरलं. दसऱ्याला नारळ फुटले. मी शेजारी माझ्या यंत्राला तेल दिलं आणि मैत्रिणींनी दिलेलं खोबरंही खाल्लं.

ताई आता पंचाहत्तरीच्या झाल्या. अजूनही कोर्टाचा जिना चढतात. त्यांच्या गुडघ्यांनी अशीच साथ द्यावी. त्यांचं आयुष्य वाढावं म्हणून देवाला साकडं घालणारे पुष्कळ आहेत. मी रोज बुद्धवंदनेनंतर त्यांच्यासाठी मंगल कामना करते. एकदा भीतभीतच त्यांना हे सांगितलं.

म्हणाल्या, "कर वं. माझी काही हरकत नाही."