कानानं टाकायचा गेर

मोटारीचा गेर बदलायच्या आधी आबा मान कलती करून क्षणभर थांबायचे. तुम्ही शेजारी बसला असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, यांच्या कानात कुणी काही सांगतंय. "आवाज जड झाला की खालचा गेर, मोकळा झाला की वरचा. घाई न्हाय करायची," एवढंच त्यांचं शास्त्र.

बारामतीतल्या एका मोसंबीच्या बागाइतदाराकडे आबा मोटार चालवायचे आणि मी दिवाणजी होतो. पहिल्या महायुद्धात त्यांनी इराकात बसऱ्याकडे लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. त्या काळच्या मोटारीत गेर सहजी पडत नसे. पण आबांनी तो कधी टाकला हे मागं पान लावणाऱ्या मालकांना कळायचंही नाही. चुना सांडत नसे.

मला मोटार शिकायची फार हौस. मालक सोबत नसले की आबा इंदापूरच्या रस्त्यावर चाक माझ्या हाती द्यायचे. माझा गेर खरखरला की गाडीलाच म्हणायचे, "माफ कर बाई, नवखं हाय."

एकदा इंदापूरहून परतताना चढ लागला. गाडीचा आवाज जड झाला.

"आता खालचा," आबा म्हणाले.

रस्त्याकडेला ओळखीची चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मला डौलात जायचं होतं. मी वरच्याच गेरात गाडी रेटली. ती बंद पडली आणि मागं घसरू लागली. घाबरून मी क्लच न दाबताच गेर हाणला. खालून कडकड आवाज आला. गेरचे दाते मोडले होते.

बैल जुंपून गाडी घरी आणली. मालकांनी विचारलं, "चालवत कोण होतं?"

आबा माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "मी मागं बसलो होतो."

आबांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि ते निघून गेले. गेर मोडणारा ड्रायव्हर म्हणून त्यांची बोंब झाली. पुढं कुणीच त्यांना मोटारीला हात लावू दिला नाही.

सहा महिन्यांनी मी वरकुट्याला त्यांच्या गावी गेलो. ते एकटेच वांग्याच्या वाफ्यात खुरपत होते. मी हात जोडून रडलो.

"मला सांगून काय व्हनार, दिवाणजी? मला ठावं हायच. मालकास्नी सांगा."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुमीच सांगाल."

सांगेन म्हणून परत आलो. मालक पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या दिवाणजींचा शब्द म्हणजे पत्थर की लकीर." मी हिशेबाची वही उघडली. उद्या-उद्या करत दोन वर्षं गेली.

शेवटी एका सकाळी सांगून टाकलं. मालक एवढंच म्हणाले, "घेऊन या त्यांना."

वरकुट्यात दारात आबांची बायको उभी होती. तिनं मला पूर्वी पाहिलं नव्हतं.

"त्यास्नी जाऊन चार म्हयनं झालं," ती म्हणाली. "तुमी कुठलं?"

"बारामतीचा. मालकांनी बोलावलं होतं त्यांना. चूक आबांची नव्हती, हे कळलंय त्यांना."

"कुणी सांगितलं मग?"

मी वाकून वहाणा सोडू लागलो.

"कुणी का असंना, भलं व्हवं त्याचं," म्हणत तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो घेतला.