उमरीची गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही — देवापुढे माणूस स्वतःच्या कमी आणि दुसऱ्याच्याच चुका जास्त सांगतो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या शाळेतले नाही.

नांदेडच्या एका शाळेत मी पर्यवेक्षिका आहे. गेली पंधरा वर्षं वेळापत्रक माझ्याकडे. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय, चौकोन तर भरायचे. पण ते चौकोन ज्याच्या हातात असतात, त्याच्याशी जूनमध्ये सगळे गोड बोलतात. कुणाला शेवटचा तास नको असतो, कुणाला आठवी क नको असते. आणि दहावी मात्र सगळ्यांना हवी असते. निकाल लागला की पेढे दहावीच्या शिक्षकाच्या टेबलावर येतात, पालक रस्त्यात गाडी थांबवून नमस्कार करतात. आमच्याकडे मास्तरची किंमत दहावीवर ठरते, खोटं कशाला बोलू?

दहावीचं गणित पहिल्या तासाला. मुलांचं डोकं ताजं असतं म्हणून.

गणिताला शिक्षक दोन. जोशी सर आणि सुजाता कांबळे मॅडम. पदवी सारखी, नोकरीत जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर. दर वर्षी मी जोशी सरांना दहावी द्यायचे आणि कांबळे मॅडमना पाचवी-सहावी, वर खिचडीचं रजिस्टर. बाकीचे चौकोन पेन्सिलने भरून खोडायचे, पुन्हा भरायचे. हे दोन मात्र थेट पेनने.

का? उत्तर माझ्याजवळ तयार होतं. कांबळे मॅडम उमरीहून रेल्वेने यायच्या. गाडीचा काय भरवसा? पहिला तास बुडाला तर मुलांचं नुकसान. आणि त्यांचीच धावपळ — मी तर त्यांच्या सोयीचं बघत होते.

त्यांनी एकदाच विचारलं होतं. "मॅडम, यंदा मला दहावी द्या की. लई वर्षांची इच्छा हाय."

मी म्हटलं, अहो, उमरीहून येता तुम्ही, पहिला तास कसा जमेल?

"गाडीचं मी बघते," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली आणि तेच वेळापत्रक पुन्हा लावलं. त्यांनी परत कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, जात आडवी आली. तेव्हा मला कुणी असं म्हणालं असतं तर मी भांडले असते. मी? कांबळे मॅडमच्या डब्यातली कारळाची चटणी बोटाने चाटून खाणारी मी? आमच्या आईने कामावरच्या बाईसाठी कप वेगळा ठेवलेला, त्यावरून तिच्याशी वाद घालणारी मी? चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून शाळेत पहिला हार मीच घालायचे. एवढं सगळं केल्यावर आपण स्वच्छ आहोत, याची खात्रीच होती मला. चटणी खाल्ली की सुटलो — असंच काहीसं असावं डोक्यात.

मग जोशी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सगळ्यांचे आभार मानून झाले आणि ते कांबळे मॅडमकडे बघून हसले. "वीस वर्षं हिनं माझी जागा धरली. मी आपला रमत-गमत स्टेशनात यायचो. ही खिडकीतून ओरडायची, सर, पळा की, गाडी सुटून राहिली!"

सगळे हसले. मीही हसले — आणि मधेच थांबले.

जोशी सरही उमरीचेच. मला माहीत नव्हतं? त्यांच्या शेतातली वांगी वर्षानुवर्षं माझ्या घरी शिजली आहेत. एकच गाव, एकच गाडी, एकच डबा. गाडीला उशीर झाला असता तर दोघांनाही झाला असता ना? गाडी आठवली ती फक्त एकीच्या नावापुढे. दुसऱ्याच्या नावापुढे कधी आठवलीच नाही, बारा वर्षांत एकदाही नाही. त्याच दुपारी मी जुने मस्टर काढून बघितले. जोशी सरांचे चार उशीर. कांबळे मॅडमचा एकही नाही.

इथपर्यंतचं निदान नकळत झालं, असं म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, दहावीचं गणित आता कांबळे मॅडमना द्यायचं का? त्यांची नोकरी दोनच वर्षं उरली होती. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग इतकी वर्षं का नाही दिलं? मला त्या प्रश्नाची भीती वाटली.

मी म्हटलं, "त्याच नको म्हणतात, सर. झेपायचं नाही म्हणतात."

दहावी नव्या शिक्षकाला गेली. कांबळे मॅडमनी दोन वर्षं सहावीचे अपूर्णांक शिकवले, खिचडीचं रजिस्टर लिहिलं आणि गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

यंदा जूनमध्ये मी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घेतलं, कुणाला कोणता वर्ग हवा. नावं झाकून नुसते विषय, पदवी आणि नोकरीची वर्षं बघून आधी चौकोन भरले, नावं शेवटी. दोन जागी माझा मलाच धक्का बसला. स्टाफरूममध्ये माझं कौतुकही झालं. ते मी ऐकून घेतलं, हेही सांगून टाकते.

कांबळे मॅडमच्या निरोपाला भाषण माझंच होतं. माइकवर मी म्हणाले, "मॅडम एवढ्या लांबून यायच्या, पण एक दिवस उशीर झाला नाही." माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या खांद्यावर शाल घालत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल एवढंच —

"गाडीचं मी बघते म्हणले होते की, मॅडम."

मी शाल नीट केली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.