गुणाजीच्या मेंदूचा नकाशा

बायको अंबिका गेली आणि गुणाजी परब विसरभोळा झाला, असं सगळ्या चाळीचं मत पडलं. चाळीचं मत एकदा पडलं की ते बदलायच्या भानगडीत कोणी पडत नाही. सून मेघना सकाळी कामावर निघताना चपला शोधता शोधता सांगायची, ‘पप्पा, गॅसवाला येईल, पुस्तक फ्रिजवर ठेवलंय.’ गुणाजी मान हलवायचा. संध्याकाळी कळायचं की गॅसवाला बेल वाजवून परत गेला. मुलगा धनेश म्हणायचा, ‘आई गेल्यापासून पप्पांचं डोकं ठिकाणावर नाही.’

डोकं अगदी ठिकाणावर होतं. गेले होते ते कान.

डिलाईल रोडच्या माणसाने गिरणीच्या साचेखात्यात चोवीस वर्षं काढली, तर त्याचे कान शाबूत कसे राहतील? शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम खडखडत असताना तिथे कोणी कोणाचं ऐकत नसे, सगळे ओठ बघत. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, चार साच्यांपलीकडून काय बोलला ते ओठांवरून कळायचं, आणि शिवी दिली असली तर जास्तच लवकर कळायचं. गिरणी बंद पडली, सवय राहिली. दाराचा दणका, ढोल, एखाद्याचा जाडाभरडा आवाज एवढंच कानात शिरे. बारीक आवाज केव्हाच गेले होते. घरात अंबिका समोर उभी राहून बोलायची आणि दुसरे जे बोलत तेही जाता जाता पुन्हा सांगायची. हे तिने इतक्या सफाईने केलं की पोटच्या पोरालासुद्धा पत्ता लागला नाही.

तिच्यामागे गुणाजीने सोपा मार्ग धरला. कळलं नाही की मान हलवायची. दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघून डोळे शिणून जात. संध्याकाळी कोणी गप्पा मारायला आलं की त्याला नकोसं होई. मग लोक म्हणत, म्हातारा हल्ली बोलत नाही.

सांगून का टाकत नव्हता, असं तुम्ही विचाराल. कारण होती जुई. नात, सात वर्षांची, दुसरीत. रोज साडेबाराला करी रोडचा पूल ओलांडून तिला लालबागच्या शाळेतून चालत आणणं, हे गुणाजीचं दिवसातलं एकमेव काम. या एका कामासाठी तो उठत होता, दाढी करत होता, इस्त्रीचा शर्ट घालत होता. भर रस्त्यात बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हाती कोण पोर देतं? त्यापेक्षा विसरभोळा परवडला, असा त्याने हिशेब केला, आणि हिशेब साफ चुकला.

शाळेने जूनमध्ये मुलं सोडायचं गेट बदललं. मेघनाने ते सांगितलं, पण पाठमोरी, पोळ्या लाटताना. गुणाजी दुसऱ्या दिवशी जुन्या गेटवर उभा राहिला. जुई शाळेच्या ऑफिसात पाऊण तास रडत बसली, आणि गुणाजीच्या खिशातला फोन वाजून वाजून थकला. त्या संध्याकाळी मेघना ओरडली नाही. समोर बसून म्हणाली, ‘पप्पा, दादरला एक क्लिनिक आहे. मेंदू तपासतात, त्याचा व्यायाम घेतात. रिपोर्ट वाईट आला तर मी जुईला व्हॅन लावणार.’ समोर बसून बोलल्यामुळे एकूण एक शब्द त्याला कळला. कधी नव्हे ते.

क्लिनिकमध्ये डोक्याला रबरी टोपी चढवली, टोपीला एकोणीस तारा, प्रत्येक तारेखाली केसांत चिकट जेल. मेंदूतल्या विजेचा नकाशा पडद्यावर आला, रंगीत गोल गोल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने चांगला आहे. मेघनाने विचारलं, मग विसरतात कसे? बाई म्हणाल्या, बारा वेळा व्यायाम घेऊ, मेंदू प्रतिसाद कसा देतो ते बघू, मग सांगते.

व्यायाम असा: डोळे मिटून बसायचं. मेंदू हव्या त्या लयीत आला की मशीन बारीक घंटा वाजवतं. ती वाजली की मन तिथेच धरायचं, म्हणजे हळूहळू मेंदूला ते वळण लागतं. हे सगळं समजावून सांगितलं मानसी नावाच्या मुलीने, आणि तिच्या तोंडावर मास्क होता. गुणाजीने मान हलवली.

डोळे मिटल्यावर त्याच्यापुढे नुसता काळोख. घंटा वाजत होती की नव्हती, देव जाणे. सहा खेपा झाल्या तरी पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. केसांतलं जेल पुसत तो घरी यायचा आणि धनेश विचारायचा, काय झालं? काय सांगणार? आपण कसल्या परीक्षेला बसलोय आणि कशात नापास होतोय, हेच त्याला कळत नव्हतं. त्याला फार दमायला झालं होतं.

सातव्या खेपेला मानसीने विचारलं, ‘आजोबा, आज घंटा नीट वाजली ना?’ गुणाजीने मान हलवली.  तिने मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली, ‘आज मी घंटा बंदच ठेवली होती.’

गुणाजीने ते वाचलं आणि हात जोडले. ‘लिहू नको गो. नातीला आणणं बंद करतील.’

मानसी दिवसाला दहा डोक्यांना टोप्या चढवणारी, तीही दमलेली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने घंटेऐवजी पडद्यावर चित्र लावून दिलं. मन स्थिर असेल तर खाडीतली होडी स्वच्छ दिसायची, भरकटलं की धूसर व्हायची. ज्याने चार साच्यांवर तुटलेला एकेक धागा नजरेने टिपला, त्याला होडी काय जड? आकडा चढला तो उतरलाच नाही.

बाराव्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी मेघनाला सांगितलं, ‘लक्ष उत्तम, स्मरणशक्ती उत्तम. यांना काही झालेलं नाही.’ गुणाजीला वाटलं, सुटलो.

 जिन्यात थांबून मेघना त्याच्याकडे वळली. ‘म्हणजे तुमच्या सगळं लक्षात असतं. मी सांगते ते तुम्हाला ऐकायचंच नसतं. आई गेल्यापासून मी एकटी ओढतेय हे घर. स्पष्ट सांगा ना पप्पा, मी नको झालेय का तुम्हाला?’

तिचे ओठ थरथरत होते, तरी त्याला सगळं कळलं. मान हलवून भागण्यातलं हे नव्हतं. विसरभोळा म्हणवून घेणं जमलं होतं. या पोरीच्या नजरेत दुष्ट ठरणं त्याला सोसेना.

‘माका आयकाक येणा नाय, मेघना.’

‘कधीपासून?’

‘तू घरात आलीस त्याच्या आधीपासून. तुझा आवाज मी कधी नीट ऐकलाच नाही.’

मेघनाने तोंड फिरवलं, काहीतरी बोलली, मग ध्यानात येऊन पुन्हा त्याच्याकडे वळली. ‘जुईला माहीत आहे?’

‘तिलाच माहीत आहे. कोणाला सांगणार नाही म्हणाली.’

‘अहो, पण ती तर म्हणते, येताना आजोबांना शाळेतलं सगळं सांगते. रस्त्यात तुम्हाला कळतं कसं?’

गुणाजीचा चेहरा उजळला. ‘ती माझ्यापुढे उलटी चालते. तोंड माझ्याकडे करून. पूल उतरेपर्यंत बोलत असते.’

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. वाहत्या रस्त्याकडे पाठ करून चालणारी सात वर्षांची पोर. आणि त्याचे डोळे, जे गाड्यांवर हवेत, ते तिच्या ओठांवर.



‘उद्यापासून व्हॅन लाव,’ गुणाजी म्हणाला.