आप्पा मिस्त्रींनी सोडलेली फट

आप्पा मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी तिथल्या टेबलाखाली वाकून बघत. "वरून काय, समदेच नटतात," म्हणत. माझ्या आईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय. तीही शोधायला वाकली.

ते मूळचे सटाण्याचे. मी अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी मातीच्या टाइल्स करायला लागले, तेव्हा त्या बसवून सागवानी कॉफी टेबल करून द्यायला ते एकटेच तयार झाले. बाकीच्या सुतारांनी "मॅडम, एक पण सारखी नाही" म्हणून हात झटकले होते. आप्पांनी प्रत्येक टाइल बोटानं चाचपली आणि म्हणाले, "भावंडं कधी सारखी ऱ्हातात का?"

कौतुक मात्र त्यांना जमत नसे. पहिलं टेबल पुरं झालं आणि मी खुळ्यासारखी बघत राहिले. आप्पा फक्त "चालंल" म्हणाले. मला एकच गोष्ट खुपत होती. टाइल्सच्या चारी बाजूंनी, लाकडाला लागून, त्यांनी बारीक फट सोडली होती. "पावसाळ्यात लाकूड फुगस, ताई. जित्तं शे ते." लाकूड जिवंत असतं वगैरे ठीक, पण मला ते काम अर्धवट वाटलं. ते गेल्यावर मी फट पांढऱ्या सिमेंटनं भरून टाकली आणि दुसऱ्या दिवशी टेबल गंगापूर रोडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलं. माझी पहिली ऑर्डर.

ऐन श्रावणात बाईंचा फोन आला. "अगं, टेबल तडकलं वाटतं. कट्‌कन आवाज झाला."

टेबल परत आलं तर नोकरी मागायला जुन्या साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं, हेही मी ठरवून टाकलं. आप्पांना घेऊन निघाले आणि रिक्षात सिमेंटचं सगळं कबूल केलं.

बाईंकडे पोहोचताच ते टेबलाखाली शिरले. खालूनच म्हणाले, "टाइलीवरनं हात फिरवा."

फिरवला. एकूण एक टाइल शाबूत होती. चिरा फक्त माझ्या सिमेंटला गेल्या होत्या. टेबल बाईंकडे पाठवलं त्या दिवशी, टेम्पोत चढवायच्या आधी, 'पाय घट्ट करतो' म्हणून आप्पा अर्धा तास टेबलाखाली होते. तेव्हाच त्यांनी सिमेंट पाहून स्क्रूची भोकं लांबट केली होती, फुगलेलं लाकूड टाइलींना न दाबता बाहेर सरकावं म्हणून; हे त्यांनी आत्ता सांगितलं.

"मग मला बोलला का नाहीत?"

"लय आनंदात होत्या तुमी," म्हणत त्यांनी पटाशी काढली आणि सिमेंट खरवडायला घेतलं. मी तिथंच फरशीवर बसून रडले. इतकं हलकं मला नोकरी सोडली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढं गुडघे कुरकुरायला लागले आणि गेल्या वर्षी आप्पा सटाण्याला मुलाकडं राहायला गेले. स्टँडवर मी विचारलं, "आता माझ्या चुका कोण सांभाळणार?"

"आता चुकाल तवा तुमालाच आधी कळंल," म्हणाले आणि एसटीत चढले. गाडी गेली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन मी थेट भट्टी लावली.