आधी पवित्रा बघा

माऊसचं बटण दाबण्याआधी ते उजव्या हाताची तर्जनी हवेत धरून क्षणभर थांबायचे. समोर कुणी घाई करत असेल तर म्हणायचे, "थांबा. आधी पवित्रा बघा." मग बोट खाली यायचं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, बघा आठवून. आमचे गंगापूर रोडच्या एका गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे चालवायचे. सहा कॉम्प्युटर, सहा खुर्च्या, सगळ्या एका रेषेत. देवळाली कॅम्पात तोफखान्यात नोकरी झालेली. निवृत्तीनंतरही खुर्ची तिरकी दिसली की उठून सरळ करत. आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो.

मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे आजच्या हिशेबाने पोरगीच, आणि अक्कलही तेवढीच. माझ्या लेकीनं, मुग्धानं, बंगळुरात परस्पर रजिस्टर लग्न केलं, तर मी फोनवर "या घरात पाऊल टाकू नकोस" म्हणून मोकळी झाले. असली वाक्यं मला झकास जमायची. ती खरंच दीड वर्ष आली नाही, हे मात्र मी गृहीत धरलंच नव्हतं! माझा आवाज ऐकला की फोन ठेवायची. शेवटी तिचा ई-मेलचा पत्ता मिळवून मी कॅफेत गेले. मला टाइप कुठलं यायला? मी सांगायचे आणि सुभेदार दोन बोटांनी माझं मराठी इंग्रजी अक्षरांत उतरवायचे.

पहिल्या ओळीत 'कशी आहेस', आणि तिसऱ्या ओळीत मी तिच्या सासूपर्यंत पोचलेली. सुभेदारांचं बोट हवेत.

"ताई, हे धाडायचं?"

"धाडा!"

असे चार मेल गेले. उत्तर एकाचंही नाही.

दुपारी कॅफे रिकामं असायचं, तेव्हा सुभेदार स्वतः एक लढाईचा खेळ खेळत. किल्ला, तट, शिपाई, लाकडं तोडणारी माणसं. एकदा माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी माऊस माझ्या हातात दिला. खाली चार चित्रं होती, सुभेदार त्यांना पवित्रे म्हणायचे. शिपायांनी कसं वागायचं ते त्यांतून सांगायचं: दिसेल त्याच्यामागे धाव, हुसकावून परत ये, जागा सोडू नको, हात उचलू नको. मी कुठलं दाबलं ते सांगायला नकोच.

लांबवर शत्रूचा एक घोडेस्वार दिसला आणि माझे यच्चयावत शिपाई त्याच्यामागे नकाशाच्या टोकापर्यंत पळाले. मागे गाव उघडं, शत्रू आत. दगड फेकणारं यंत्रसुद्धा मी हल्ल्यावरच ठेवलेलं. त्यानं शत्रूवर नेम धरला, पण शत्रू उभा माझ्याच माणसांत. एका दगडात माझी सात माणसं आडवी.

"माझ्याच माणसांना मारतंय मेलं!"

"त्याचा काय दोष? तुम्ही सांगितलं तेच करतंय." सुभेदार स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "तोफेला आपला-परका कळत नाय, ताई. ते सोडणाऱ्याला कळाया पायजे."

त्या दिवशी मी पाचवा मेल न सांगताच घरी गेले.

शहाणपण आलं, पण अती आलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या सैन्याला 'हात उचलू नको' सांगितलं. शत्रू येऊन कापत सुटला आणि माझे वीर शांतपणे बघत उभे. मेलही त्याच जातीचा: "तब्येत बरी. हवा बरी. मेथी स्वस्त आहे." त्यावर दीड वर्षातलं मुग्धाचं पहिलं उत्तर आलं, "आई, तुला काय झालंय? डॉक्टरांना दाखवलंस का?"

सुभेदार इतके हसले की त्यांची खुर्ची रेषेबाहेर गेली.

मग डोळे पुसून म्हणाले, "आता तिसरं चित्र. जागा सोडायची नाय, मागं धावायचं नाय. खरं असंल तेवढं बोला."

मी खुर्ची पुढे सरकवली. मग सांगितलं, "मला राग आला होता. अजून थोडा आहे. पाऊल टाकू नकोस म्हणाले, ते चुकलं. दोघं या."

बोट वर गेलं. या वेळी मीच म्हणाले, "बघितला पवित्रा. धाडा."

दुसऱ्याच दिवशी मी आणखी एक मेल सांगायला हजर! सुभेदारांनी कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. "उद्या या." असं अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही, नुसती माझ्यासाठी खुर्ची ओढली. स्क्रीनवर एकच ओळ होती: "शनिवारी येतोय. दोघं."

शनिवारी रिक्षातून आधी जावई, मग मुग्धा उतरली. केस मानेपर्यंत कापलेले! वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, पण माझी तर्जनी आपोआप वर गेली.

"आई, बोट कशाला वर केलंस?"

"काही नाही गं. आत या दोघं."

सोमवारी मी बेसनाचे लाडू घेऊन कॅफेत गेले. सुभेदारांनी एवढंच विचारलं, "किती टिकला पवित्रा?"

"संध्याकाळपर्यंत."

"लय झालं, ताई."

पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि सहा खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. सुभेदारांनी मनमाडजवळच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. निघाले ते मला ऐन वेळी कळलं. लाडवांचा डबा घेऊन मी गल्लीतून धावत सुटले. इतकं शिकून शेवटी धावलेच. सामानाचा टेम्पो सुरू झाला होता. तेवढ्यात ड्रायव्हरशेजारच्या खिडकीतून ओळखीची तर्जनी बाहेर आली आणि टेम्पो थांबला.

"धावू नका ताई. हाय मी."

त्यांनी डबा मांडीवर घेतला, नीट सरळ ठेवला. मग बोट पुन्हा वर गेलं, क्षणभर थांबलं, हळूच खाली आलं आणि गाडी निघाली. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत मी जागा सोडली नाही.