वाऱ्याशी वैर

नंदिनीबाईंनी आयुष्यात एकच शत्रू धरला, तो म्हणजे वारा. डास चालतील, ढेकूण चालतील, भिंतीवरची बुरशी तर घरचीच. पण खिडकी उघडी दिसली की बाईंचं डोकं फिरायचं. चामोर्शीकडच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहावर त्या गृहपाल म्हणून आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकून घेतले. वरच्या झरोक्यांत पोती कोंबली. देव अक्कल वाटत होता तेव्हा बाई बहुधा चाळणी घेऊन उभ्या होत्या.

याचं मूळ सावली या गावी, त्यांच्या माहेरी. बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून शेगडीवर ओवा नि कडुनिंब टाकायचा, धुरी द्यायची, ही घरची रीत. त्या धुरात तान्ही नंदिनी जगली. मग धुरामुळेच जगली, असं तिनं ठरवून टाकलं. पुढे बीए झालं, बीएड झालं, पण बाई काही त्या शेगडीपलीकडे गेल्या नाहीत.

रीना मुलचेऱ्यापलीकडच्या जंगलातली, झिंगूची मुलगी. गावातून बारावीपर्यंत पोचलेली पहिलीच. पास झाली की नर्सिंगला जायचं, एवढंच तिनं मनात धरलं होतं. लहानपणी तिला दम लागायचा. मोठी होता होता तो गेला होता. वसतिगृहात आठ जणी, त्यांचे ओले कपडे आणि डासांची कॉइल एका बंद खोलीत, तिथं तो परत आला.

"मॅडम, एक खिडकी तरी उघडू द्या. मले श्वास घेता येऊन नाई राह्यला."

"वारा लागला म्हणजे? खोकत बसशील."

"आताबी खोकूनच राह्यली ना, मॅडम."

"उलटून बोलू नको," बाई म्हणाल्या आणि तिच्या खाटेजवळच्या फटीत आणखी एक चिंधी खुपसली.

मग कॉलेजनं खोल्यांतली हवा तपासायला नागपूरहून माणसं बोलावली. पाहुण्यांसमोर हवा शुद्ध दिसली पाहिजे म्हणून बाईंनी काय करावं? खोलीत शेगडी ठेवली, कडुनिंब टाकला, वर मूठभर ओवा. त्यांच्यातल्या साहेबानं दार उघडलं तर आत निळा धूर आणि खाटेवर दुमडलेली, घरघरणारी रीना.

"हवा चांगलीच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "या पोरीच्या खोकल्यानं बिघडली."

साहेबही बाईंच्याच तोडीचा निघाला. त्यानं आत पाऊल टाकलं नाही. यंत्र व्हरांड्यात धरलं, आकडा उत्तम आला, आणि पोहे खायला बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रीनाला घरी धाडलं. बरी झाल्यावर ये, म्हणाल्या, आणि तिची खाट उर्वशी नावाच्या मुलीला देऊन टाकली. गावाहून रोज येणं होण्यासारखं नव्हतं. हजेरी तुटली, परीक्षेला बसणं राहिलं. झिंगू दोनदा बाईंना विनवायला गेला. बाईंनी त्याच्याशीही दाराच्या फटीतूनच बोलणं केलं, वारा येतो म्हणून.

महिन्याभरात उर्वशी खोकायला लागली. बाई सगळ्यांना सांगत, रीनाची लागण.

गावात मोह गळू लागला होता. सकाळी झाडाखाली झिंगूनं विचारलं, "तुहा खोकला कुठी गेला, पोरी?"

"तिथीच राह्यला, बाबा."

त्या दिवशी बारावीचा पेपर होता. रीना टोपली भरेपर्यंत मोहफुलं वेचत राहिली, आणि दम घ्यायला एकदाही थांबली नाही.