डिस्कचा कान
बिरदेव कोळपे काम करायला बसला की माझा जीव वर-खाली होतो. मला सगळं कालच झालेलं हवं असतं. हा माणूस मात्र एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवणार, वाटी खिडकीत ठेवणार, मग आठवण झाली की खिडकीतली वाटी पुन्हा टेबलावर आणणार. तरी तळेगाव ढमढेऱ्यातला माझा फोटो स्टुडिओ आज उभा आहे तो ह्याच्यामुळं, आणि ह्याच्या वडिलांनी विचारलेल्या एका प्रश्नामुळं.

बिरदेव मेंढपाळाच्या घरातला. वडील भिमाजी आबांनी निम्मा जन्म मेंढरांमागं काढला आणि मग पाटसजवळ तीन एकर ऊस लावून घर धरलं. बिरदेवला रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी लागली. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, म्हणून हा डबा घेऊन तिथं जाऊन बसायचा. बसता बसता विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स शिकला! पुढं सुट्टीच्या दिवशी शिरूर-दौंडभर मोटरसायकलवर फिरून लोकांची मशीनं दुरुस्त करायला लागला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी एका सामुदायिक लग्नाचे फोटो काढले. एकवीस जोडपी होती. फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवले, कॅमेऱ्याची कार्डं पुसून परत वापरली, आणि सीड्या काढायचं काम आज नको उद्या करत राहिलं. एका सकाळी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. एकवीस नवरीमुली आपापल्या सासवांसकट माझ्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. डिस्क गेली तर त्यांची लग्नं मी परत कुठून लावणार होते?

फोन केला तसा बिरदेव नवी डिस्क घेऊन आला, मागच्या सीटवर आबांना बसवून. आबांना ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मी त्यांना स्टुलावर बसवलं.

"आबा, पागोटं जरा वर घ्या. दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर ऑफिसातून फोटो परत येतो."

"का? तोंडावरनं वळखत न्हाईत व्हय मला?" आबा गरजले. "पागोट्याला हात लावायचा न्हाई, पोरी. सांगून ठेवतो."

"मग बसा तसेच," मी म्हटलं. माझंही डोकं आधीच तापलेलं होतं. तरी चहा दिला.

तोवर बिरदेवनं मशीन उघडलं. बोर्डावरची डिस्क जोडायची दुसरी जागा बिघडलेली होती, म्हणून त्यानं नवी डिस्क जोडायला आत एक वेगळं कार्ड बसवलं आणि सीडीवरून लिनक्स सुरू केलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

"हजेरी चाललीय, ताई. कर्नल म्हंजी मशीनचा कारभारी. त्याच्या हाताखाली ड्रायव्हर असत्यात. ते एकेका तारेवर हाक मारत्यात, कोण हाय का? जी डिस्क आधी ओ देईल तिला नाव एसडीए, दुसरीला एसडीबी."

"मग जुनी कोणती?"

"एसडीए. कायम तीच असती." त्यानं आज्ञा टाइप केली. एसडीएवरचं सगळं जसंच्या तसं एसडीबीवर उतरव, अशी. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

आबा बशीतला चहा फुंकत बघत होते. "जुनी हीच कशावरनं?"

"पयली आली ना, आबा."

"पयली आली म्हून? वाघुरीतनं, त्या जाळीच्या कुंपणातनं, सकाळी जे मेंढरू पयलं भाईर येतं ते आपलंच असतं का? शेजारच्याचं घुसलेलं बी येतं. आपण कानाची खाच बघतो. कान बघितला का तू हिचा?"

बिरदेव हसला. मग हसता हसता थांबला. त्याचं बोट एंटरवरून मागं आलं आणि तो पडद्यावरच्या ओळी वर सरकवून वाचायला लागला. प्रत्येक डिस्कला कारखान्यातून एक नंबर येतो आणि ड्रायव्हर तो विचारून लिहून ठेवतो. एसडीएपुढं नव्या डिस्कचा नंबर होता. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधी जागा झाला होता, आणि आमची जुनी बिचारी दुसरी आली होती.

एंटर दाबलं असतं तर कोरी डिस्क माझ्या एकवीस लग्नांवर उतरली असती. मी आबांशेजारीच फतकल मारली.

बिरदेवनं आज्ञेतली नावं उलटी केली, दोन्ही नंबर तीनदा ताडून बघितले, आणि मला म्हणाला, "तुम्ही बी वाचा, ताई." मी आकडा आकडा मोठ्यानं वाचला. मग त्यानं एंटर दाबलं. दुपार कलली तेव्हा नव्या डिस्कवर पहिली नवरी उघडली, नाकात नथ, डोळ्यांत हसू. मी अशी ओरडले की समोरचा भाजीवाला उठून आला. त्यालाही चहा पाजला.

बिरदेवनं मशीनच्या फाइलीत एसडीए-एसडीबी लिहिणं त्या दिवसापासून सोडलं. तो डिस्कची स्वतःची खूण लिहितो. मग ती पहिली येवो नाहीतर शेवटी, मशीन तिला बरोबर ओळखतं.

निघायची वेळ झाली. मी कॅमेरा उचलला, पण पागोट्याचं नाव काढायची माझी काही हिंमत होईना. आबा आपणहून स्टुलावर जाऊन बसले. दोन्ही हातांनी पागोटं वर सारलं आणि मान ताठ केली.

"घे, पोरी. बघून घे कान."

मला हसू आवरेना. नवी डिस्क लागल्यावर काढलेला पहिला फोटो तो. हललेला आहे, पण मी पुसलेला नाही.